चौकोनी बटण

मंगळवार, संध्याकाळ

औरंगपुऱ्यातल्या मोबाईलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगते मी. फोन बंद करून चालू केला तरी आधी उघडलेल्या ॲपची यादी राहते, चौकोनी बटण दाबलं की दिसते. नवऱ्याला कधी सांगितलंच नाही. तो रोज फोन बंद करून चालू करतो, मगच माझ्या हातात देतो. म्हणे, "लई हँग होतो गं."

आज दाबलं मी ते बटण. लग्न जुळवायचं ॲप. त्यात ह्याचाच फोटो, खाली 'अविवाहित'.

"जुनं असंल," तो म्हणाला.

जुनं? फोटोत अंगात मी ह्याच दिवाळीला घेतलेला शर्ट!

मग म्हणाला, "पण मी तर फोन बंद केला होता!" एवढंच दुःख त्याला. आणि मी मूर्ख, रागाच्या भरात यादी कशी पुसायची तेही त्याला दाखवून बसले.