‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ हा दाखला परत घेण्याबाबत

प्रति,
मा. सेवायोजन अधिकारी,
उपकार्यालय, देवपिंप्री, जि. बुलढाणा.

विषय : माझी मुलगी कु. शारदा हिच्या हयातीत दिलेला ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ हा दाखला परत घेणेबाबत.

संदर्भ : १) नोंदणी कार्ड क्र. ४१७. २) आपला दाखला, ता. ६ फेब्रुवारी १९६९.

महोदय,

मी नीळकंठ भगवंतराव खोडके, राहणार नांदुरा. बाजारात कापसाची प्रत ठरवतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सगळे शिक्षण पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे भाषा टोचेल. टोचू द्यावी.

१. शारदा नागपुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. जुलै १९६७ मध्ये आपल्याकडे नाव नोंदवायला गेलो, तर आपले कारकून श्री. भाऊराव नोकऱ्यांच्या यादीचे पुस्तक उघडून म्हणाले, “काका, रसायन पान चाळीसवर, जीव पान साठवर. तुमच्या पोरीसाठी मधात नवं पान शिवू काय?” अख्खी कचेरी हसली. कार्ड ‘इतर’ या गठ्ठ्यात गेले.

२. त्या गठ्ठ्यातून तीन बोलावणी आली. पहिले औषधाच्या दुकानातून, बाटल्या धुण्यासाठी. दुसरे शाळेतून. हेडमास्तरांना रसायनाचा मास्तर हवा होता किंवा जीवशास्त्राचा. दोन्ही शिकलेली मुलगी त्यांना अर्धवट वाटली. तिसरे हिवतापाची फवारणी करण्याचे, त्यात सूचना होती की खाकी हाफपँट उमेदवाराने स्वतःची आणावी. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

३. हे शिकलेल्या माणसाने काय करावे, हे आपल्या कचेरीत कोणी विचारले नाही. मी विचारले. दवाखान्यात रक्त-लघवी तपासता येते, औषधांच्या कारखान्यात, वैद्यकीय कॉलेजात काम मिळते. पेशीच्या आतले बारीक रेणू कसे चालतात यावर संशोधन करता येते. नागपूरच्या तिच्या बाईंनी कळवले आहे की एक वर्ष दवाखान्याच्या प्रयोगशाळेत हात बसव, मग संशोधनाला जागा देते. म्हणजे पुढचे सारे शिक्षण या एका नोकरीवर अडून राहिले आहे.

४. गेल्या आठवड्यात माझी पत्नी रुखमाबाई हिची साखर तपासायला आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. नवी प्रयोगशाळा, दाराला कुलूप. बाटली अकोल्याला जाईल म्हणाले. मी विचारले, काऊन? तेव्हा हेडक्लार्कने आपला दाखला दाखवला : जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला पात्र उमेदवार उपलब्ध नाही. ती बाटली शारदाच्याच हातात होती. ती एवढंच म्हणाली, “बाबा, मी कुठं गेली होती?”

५. कुठे गेली होती ते मी सांगतो. ६ फेब्रुवारीला ती आपल्याच दारापुढच्या बाकावर होती, अकरापासून चारपर्यंत, कार्ड नवे करून घ्यायला. आपल्या हजेरीवहीत तिची सही आहे. त्याच दिवशी आत बसून आपण ती उपलब्ध नसल्याच्या कागदावर सही केली.

६. महोदय, आमच्या बाजारात अनोळखी जातीचा कापूस आला तर गाडी ‘इतर’ म्हणून कोपऱ्यात लावत नाहीत. चिमूटभर रुई घेतात, दोन अंगठ्यांत धागा ओढून लांबी बघतात, मग भाव बोलतात. एवढे काम अंगठाबहाद्दरालाही जमते. आपल्या कचेरीत वीस महिन्यांत कोणी चिमूटही उचलली नाही.

७. ३१ मार्चपर्यंत माणूस न मिळाल्यास दवाखान्याच्या प्रयोगशाळेतले ते पद रद्द होईल. तरी दाखला परत घ्यावा आणि कार्ड क्र. ४१७ दवाखान्याकडे तात्काळ पाठवावे. पान शिवायचे असल्यास सुई-दोरा सोबत जोडला आहे. हा विनोद नाही.

तोवर शारदा रोज सकाळी अकराला त्याच बाकावर येईल. पदवीचा कागद तिच्या मांडीवर असेल. यापुढे ‘उपलब्ध नाही’ लिहिण्याआधी आपण फक्त दार उघडून बघावे.

आपला नम्र (आजपुरता),
नीळकंठ भगवंतराव खोडके
नांदुरा, ता. ३ मार्च १९६९

सोबत : १) पदवीची नक्कल. २) हाफपँटीचे पत्र. ३) सुई एक, दोरा पांढरा.