मशीनला लावलेला अंगारा

तीर्थरूप कडूबाभाऊस, पाया पडून धाकट्या संपतचा नमस्कार.

इकडं खताच्या कारखान्यात मी मजेत हाय. जेवण बरं मिळतं. आमच्या नव्या मशीनच्या शाफ्टला तेल-ग्रीस लागत न्हाई. केसाहून बारीक हवेच्या थरावर तो तरंगत फिरतो. तोच थर आतला विषारी वायू आडवतो.

खंडेनवमीला मशीन दुरुस्तीसाठी उघडंच व्हतं. आईनं पाठवलेला राजूरच्या गणपतीचा अंगारा फोरमननं मागून घेतला अन् पूजा करताना थेट शाफ्टलाच लावला. चालू केल्यापासून ते मुकं मशीन त्या थरापाशीच बारीक शिटी मारून राह्यलं. साहेब म्हणतात, चालू द्या. उद्यापासून माझी पाळी तिथंच हाय.

माझ्या लेकीचा, शिवकन्येचा ताप उतरला का?

हे आईला वाचून दाखवू नको. तिला म्हन, अंगारा बराबर जागी लागला.

तुझा,
संपत