राजहंसाची उजवी जागा

प्रिय ओक्ताविया चोबोतारू,

(संपूर्ण नाव लिहिले म्हणून रागावू नकोस. तू जिथे आहेस तिथे ओक्ताविया नावाच्या स्त्रिया पुष्कळ असणार, आणि हे पत्र भलत्याच बाईच्या हाती पडून तिने माझ्याविषयी काही ग्रह करून घ्यावा, हे मला रुचणार नाही.)

तुझी प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. तसे धरण्यात धोका फारसा नाही, कारण रक्तदाब, गुडघे आणि अळणी जेवणाचे पथ्य ही तुझी तिन्ही दुखणी तू इथेच ठेवून गेलीस, आणि त्यांपैकी पथ्य वारसाहक्काने माझ्याकडे आले आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने समाधानकारक आहे. आपली लेक सोरिना दर रविवारी स्पेनमधून फोन करून मी काय जेवलो ते विचारते. सुरुवातीला मी खरे सांगत असे, त्यावर ती रडत असे; म्हणून हल्ली मी कोबीच्या पानांतले सारमाले केल्याचे सांगतो. ते कसे करतात हे तिने अजून विचारलेले नाही. ओर्शोव्हात हवा चांगली आहे, नदीवर वारा आहे, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या कोणीतरी गुपचूप उंच केल्या आहेत असा मला दाट संशय आहे.

आता मूळ विषय. तो गॅरेजसंबंधी आहे. आपल्या दोन खोल्यांत तुझी हौस मावेना, म्हणून तुदोसेकडून भाड्याने घेतलेले नदीकाठचे ते गॅरेज तुला आठवत असेलच. त्यात मोटार कधी उभी राहिली नाही, कारण मोटार आपण कधी घेतलीच नाही. मोटारीसाठी म्हणून जेव्हा जेव्हा काही शिल्लक पडे, तेव्हा तेव्हा तुझ्या वाटेत कोणीतरी काहीतरी विकत उभे असे, आणि त्याचा चेहरा तुला नेमका उतरलेला दिसे. तू बाजारात अंडी आणायला जात असस आणि अकॉर्डियन घेऊन येत असस (अंडी विसरून). तर या तुदोसेचा जावई जर्मनीहून खऱ्याखुऱ्या मोटारीसह परत आला आहे. तुदोसे आपल्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "मास्तर, घाई अजिबात नाही. सोमवारपर्यंत चालेल." त्या दिवशी गुरुवार होता, आणि शनिवारी तुला जाऊन वर्ष झाल्याची प्रार्थना होती.

मी सगळे भंगारात द्यावे असे मनात आणले होते, पण ही गोष्ट तुझी बहीण झांफिरा हिच्या कानावर गेली. झांफिराचे म्हणणे तुला ठाऊक आहे, ते आपल्याकडच्या सगळ्याच बायकांचे आहे: गेलेल्या माणसाच्या नावे, मेणबत्ती लावून, जी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यावी ती वस्तू त्या माणसाला तिकडे मिळते, घेणाऱ्याने "बोग्दाप्रोस्ते", म्हणजे देव गेलेल्याला क्षमा करो, असे म्हटले की पोचली, आणि जी दिली नाही ती मिळत नाही. लोक उशी देतात, घोंगडी देतात, वाडगा-चमचा देतात. ते आपण चाळिसाव्या दिवशी दिलेच होते. झांफिरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावोजी, आमच्या ताईनं वर्षभर काय उशी आणि चमचा घेऊनच बसायचं? कंटाळून गेली असेल बिचारी. तिचा जीव ज्यात होता ते पाठवा की!" मी तिला सांगितले की मी आयुष्यभर लॅटिन शिकवले असून असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. "तुमच्या विश्वासाला विचारतंय कोण?" ती म्हणाली. "तुम्ही फक्त वस्तू उचला." मग मी फादर इल्ये यांना विचारले. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "शास्त्रात असं काही नाही, मास्तर. पण माझ्या आईनं माझ्या वडलांच्या नावे त्यांचा चष्मा दिला होता, आणि त्यावर मी आजवर प्रवचन केलेलं नाही."

झांफिराचा दुसरा नियम अधिक त्रासदायक होता. वस्तू चालू स्थितीत हवी. मोडकी दिली तर मोडकीच पोचेल. त्यामुळे गुरुवार आणि शुक्रवार हे दोन्ही दिवस मी त्या गॅरेजात हातात पाना घेऊन काढले; उभ्या जन्मात मी क्रियापदांखेरीज काही चालवले नव्हते. अकॉर्डियनच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, त्या बोलत्या केल्या आणि ते चर्चमधल्या गायकाला दिले. (त्याने ते तिथेच वाजवले. तुझ्याइतकेच वाईट वाजवतो. ऐकून बरे वाटले.) दुर्बीण तू शनीची कडी पाहण्यासाठी घेतली होतीस. शनी तुला सापडला नाही, पण समोरच्या इमारतीतल्या पोम्पिलियाबाईंचे स्वयंपाकघर सापडले, आणि वांग्याचे भरीत त्या कशा करतात हे तू तीन संध्याकाळी बघून शिकलीस. न्यायाला धरून मी दुर्बीण पोम्पिलियाबाईंनाच दिली. आता त्या माझ्या स्वयंपाकघराकडे पाहतात. मी पडदा लावला होता. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवून भरिताचा डबा दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, सूप पातेल्यातूनच पिता तुम्ही? बशी नाही का घरात?" पडदा मी आता काढून ठेवला आहे.

साखरेचे म्हातारीचे केस करण्याचे यंत्र हे प्रकरण मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण त्याची वार्ता तुझ्यापर्यंत विपर्यस्त स्वरूपात पोचलेली असू शकते. ते यंत्र अंगणवाडीच्या बाईंना द्यायचे ठरले होते. प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात ते ठेवले, मेणबत्ती लावली, उकडलेल्या गोड गव्हाच्या कोलिवाचे ताट शेजारी ठेवले, आणि फादर धूप फिरवू लागले. तेवढ्यात झांफिरा म्हणाली, "चालतंय कशावरून?" मी म्हणालो की मी स्वतः दुरुस्त केले आहे. "म्हणूनच विचारलं," ती म्हणाली. तेव्हा स्वाभिमानाने मी वायर आत नेऊन जोडली आणि साखर ओतली. यंत्र चालले. माझ्या दुरुस्तीत दोष इतकाच होता की ते थांबवता येत नव्हते. गुलाबी ढग भांड्याबाहेर आला, वाऱ्याबरोबर उठला आणि फादर इल्ये यांच्या दाढीत जाऊन बसला; तरी त्यांनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली नाही, हे त्यांच्याविषयी लिहून ठेवण्याजोगे आहे. तुझे नाव चिरंतन स्मरणात राहो हे शेवटचे वाक्य त्यांनी साखर चावत म्हटले. जमलेल्या म्हाताऱ्या आधी क्रूसाची खूण करीत होत्या, मग हसू लागल्या, आणि तुझ्या वर्षाला जितके लोक रडायला हवे होते त्याहून बरेच अधिक हसले. मी गंभीर होतो. (निदान माझी तशी समजूत आहे. झांफिरा वेगळे सांगते.)

आणि आता राजहंस.

हे पत्र खरे तर त्याच्यासाठी आहे. डोंगरातल्या तलावावरचे विश्रामगृह बंद झाले आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा तू टपाल कचेरीतून रजा घेऊन दोन खुर्च्या पाहायला गेली होतीस. आपल्याला खरोखरच दोन खुर्च्या हव्या होत्या. संध्याकाळी तू ट्रकवर, माणसाहून उंच मानेच्या एका पांढऱ्या राजहंसाशेजारी बसून परत आलीस. "दोन खुर्च्याच आहेत की रे," तू म्हणालीस, "फक्त खाली होडी आहे." पायांनी चालवायची ती होडी आपण रविवारी, सारे गाव काठावर फिरत असताना, नदीत उतरवली. डावीकडे तू, कारण सुकाणूचा दांडा तिकडे होता आणि तो तू मला द्यायला तयार नव्हतीस; उजवीकडे मी, कोट-टाय घालून. पन्नास पावले जातो न जातो तो उजवीकडची साखळी निसटली. तू एकटी पायडल मारीत राहिलीस आणि आपण घड्याळाच्या काट्यासारखे जागच्या जागी गरागरा फिरू लागलो. काठावर गळ टाकून बसलेला हाच तुदोसे ओरडला, "मास्तर, किती वाजले आता?" यावर तुला असे हसू आले की तुझेही पाय थांबले, आणि प्रवाहाने आपल्याला सावकाश पलीकडच्या सर्बियाच्या दिशेने नेले. सरहद्दीच्या पोलिसांची लाँच आली. शिपायाने आधी राजहंसाकडे पाहिले, मग माझ्या टायकडे, आणि ओळखपत्रे मागितली. माझे अर्थातच खिशात होते. तुझ्याकडे फक्त सूर्यफुलाच्या बिया होत्या, त्या तू त्याच्यापुढे केल्यास. "पळून जायचं असतं साहेब," तू म्हणालीस, "तर याला बरोबर घेतलं असतं का?" हे म्हणताना तू माझ्याकडे बोट दाखवत होतीस.

त्यानंतर साखळी बसवून घेतली आणि प्रत्येक उन्हाळ्यात आपण जात राहिलो. त्या होडीचा नियम तुला ठाऊक आहे: दोघांनी पायडल मारले तर ती सरळ जाते, एकट्याने मारले तर फिरत राहते. माझी अडचण इथेच होती. राजहंस दिला नाही, तर तो तुला मिळणार नाही. दिला, तर तू एकटीच त्यात बसशील (बसल्यावाचून राहणार नाहीस, मी तुला ओळखतो) आणि तिकडच्या साऱ्या लोकांसमोर गोल गोल फिरत राहशील, आणि थांबवायला कोणी लाँच यायची नाही. मी झांफिराला म्हणालो की हे दान यांत्रिक दृष्टीने अयोग्य आहे. "अहो, वर कसली आली यंत्रं?" ती म्हणाली. "मग अकॉर्डियनच्या पट्ट्या माझ्याकडून कशाला दुरुस्त करून घेतल्यास?" मी विचारले. खरे सांगायचे तर वाद जिंकल्याचा मला अजिबात आनंद झाला नाही. रविवार तसाच गेला. राजहंस गॅरेजात एकटा उभा होता आणि मी त्याच्यासमोर.

वाट दाखवली ती तुदोसेच्या बायकोने, दिदिनाने, तीही नकळत. संध्याकाळी ती गॅरेज धुवायला पाण्याच्या बादल्या घेऊन आत आली आणि म्हणाली, "मास्तर, एवढा विचार कशाला? मी तर माझं पलंग-टेबल आत्ताच देऊन ठेवलंय, माझ्याच नावानं. मागचे देतील याचा काय भरवसा? तुदोसे तर माझ्या नावानं गळ देईल." आपल्याकडे म्हातारी माणसे जिवंतपणीच स्वतःसाठी दान करून ठेवतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्याला नेहमी हसत आलो आहे. मी टोपी घातली आणि तडक फादरांकडे गेलो. विचारले की एकाच वस्तूची एक जागा मृत व्यक्तीच्या नावे आणि दुसरी जागा जिवंत व्यक्तीच्या नावे देता येते का. त्यांनी दाढी कुरवाळली. दाढीत अजून थोडे गुलाबी होते. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्हाला परवानगी हवीय की सोबत?" मी म्हणालो, दोन्ही. ते आले.

सोमवारी सकाळी राजहंस पाण्याच्या कडेला आणला. घेणारा तुदोसे, कारण नदी त्याची, गळ त्याचा, आणि जावयाच्या मोटारीने बेघर झालेल्या पक्ष्याची काही जबाबदारीही त्याचीच. डाव्या खुर्चीवर एक मेणबत्ती लावली, उजव्या खुर्चीवर एक. तुझी शांतपणे जळत होती. माझी वाऱ्याने विझली. लावली, पुन्हा विझली. "बघा," झांफिरा म्हणाली, "तुम्हाला वर अजून घेत नाहीयेत." मग ती स्वतःच चिखलात गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून माझी ज्योत धरून राहिली. मी म्हणालो, "ही डावी जागा ओक्तावियासाठी." तुदोसे म्हणाला, "बोग्दाप्रोस्ते." मी म्हणालो, "आणि ही उजवी जागा," (येथे मला टाय सरळ करावा लागला, वारा फार होता) "एमिलियानसाठी." तुदोसेने टोपी काढली. "बोग्दाप्रोस्ते, मास्तर. पण तोवर उजवीकडं दिदिना बसली तर चालेल ना? का आम्ही दोघांनी घड्याळच व्हायचं?" मी तशी रीतसर अनुमती दिली. ती दोघे बसली, भांडू लागली आणि भांडत भांडत निघाली. मी काठावर उभा राहून चाल तपासली. होडी सरळ जात होती.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
एमिलियान चोबोतारू

ता. क. राजहंस एव्हाना पोचला असेल. विनंती अशी आहे की मी येईपर्यंत तो काठाला बांधून ठेवावा. दोरी दुहेरी घ्यावी. कोणी सभ्य गृहस्थ येऊन उजवीकडे बसू का असे विचारील, आणि कोणाला नाही म्हणणे तुला कधी जमलेले नाही. तरी एवढे एकदा म्हण.

ता. क. २. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असे मी वर लिहिले आहे. ते तसेच राहू दे. मात्र मला यायला काही काळ लागेल. ईस्टरला सोरिना येणार आहे, आणि तिला सारमाले खाऊ घालायचे असल्याने पोम्पिलियाबाईंनी मला शिकवायचे कबूल केले आहे. तेव्हा वाट पाहून कंटाळा आला, आणि तिकडच्या बाजारात एखादा उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस काही विकताना दिसला, तरी कृपा करून राजहंस देऊन त्याच्या बदल्यात दुसरे काही घेऊ नकोस.

ता. क. ३. गॅरेज झाडून रिकामे केले. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या तुदोसेला परत केल्या.