अंगठ्याला दिलेला करंट

२९ सप्टेंबर
मेथीच्या जुड्या आजही बिघडल्या. कारंजाच्या बाजारात नेहमीची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "काहो ताई, एक जुडी लठ्ठ, एक मरतुकडी?" उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. मुठीत किती काड्या आल्या कळतच नाही. वीस वर्षं न बघता बांधल्यात. चीड येते नुसती.

३ ऑक्टोबर
अकोला. डॉ. म्हणाले, मनगटात नस दबली आहे, मोकळी करू. त्याच वेळी तिला दहा मिनिटं बारीक करंट देऊ. नवीन आहे, खात्री नाही, पण नस लवकर उभारी धरू शकते.
बाहेर आल्यावर आमचे हे: "करंटच पायजे त आपल्या झटका मशीनले हात लाव ना! अकोल्याले याचं काय काम व्हतं?"
म्हणजे रानडुकरांसाठी लावलेलं विजेचं कुंपण! मी हसले नाही.

९ ऑक्टो.
झालं ऑपरेशन. जागीच होते. अंगठा माझा, उड्या मात्र डॉ.च्या मशीनच्या हुकमावर. डाव्या हाताने लिहितेय, कोंबडीचे पाय.

२ नोव्हें.
टाके कधीच निघाले. मुंग्या थांबल्या. स्पर्श नाही. डॉ. फोनवर: "नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. धीर धरा." कुठून आणू? दिवसभर अंगठ्याला चिमटे काढते. यांनी बांधलेल्या जुड्या तर... जाऊ दे.

२६ नोव्हें.
मूर्खपणा केला. दहा मिनिटं कमी पडली असतील तर, असं डोक्यात बसलं. कुंपणाच्या तारेला अंगठा लावला. खांद्यापर्यंत हिसका, थेट चिखलात बसले. अंगठा तसाच. रडूच आलं.
हे धावत आले. "पागल झाली काय वं? मी त गंमत केली व्हती!" मग जाऊन मशीन बंद केली.

२७ नोव्हें.
डॉ. फोनवर खूप रागावले. तो करंट वेगळा, हा वेगळा. जानेवारीत तपासणी. तोवर जाणीव आली नाही तर अंगठा असाच राहू शकतो, म्हणाले.

११ जानेवारी
तपासणी चार दिवसांवर. झोप लागत नाही.
दुपारी ठेच्यासाठी मिरच्या तोडल्या. उजव्या अंगठ्याच्या टोकाला झोंबलं. की भास? डाव्याला लावून पाहिलं, त्याला झोंबणारच. पुन्हा उजव्याला. हो... थोडं. बोटं दोन्ही गप्प.
"धुऊन टाक नं वं हात, आग व्हते ना!" हे ओरडताहेत.
नाही धुतला. अजून झोंबतंय का, बघत बसले आहे.