चिक्की आणि फुटाणीची वाटणी

प्रिय गौतमी,

जय भीम. 'प्रिय' लिहिलंय त्याचा राग मानू नकोस. 'सौ. गौतमी यांस' असं लिहिलं असतं तर पाकीट उघडायच्या आधीच तू वकील शोधला असतास. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि मेसेजमध्ये मी लिहितो एक, तू वाचतेस भलतंच, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला मध्येच कट करता येत नाही. फार तर तू फाडशील, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू काही फाडायची नाहीस.

चिक्कीचं काही खरं नाही गं. पिंजऱ्याचे गज चावून चावून तिचा वरचा एक दात हिरडीपासून तुटला आणि तेव्हापासून तिनं गवताला तोंड लावलेलं नाही. तोंडाशी नेलं की हुंगते, कुरतडायला बघते आणि मागं सरकते. दात परत येईल, पण तोवर गिनीपिगच्या पोटात सतत काहीतरी पडावं लागतं, नाहीतर आतडी बंद पडतात, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कंपनीत रजा टाकलीय. सुपरवायझरला 'घरात पेशंट आहे' एवढंच सांगितलं. पेशंट कोण ते सांगितलं असतं तर अख्ख्या लाइननं महिनाभर माझी हजेरी घेतली असती. सुई काढलेल्या सिरिंजमधून तिच्या खाद्याचे दाणे भिजवून केलेली पेज तिला भरवतो. निम्मी तिच्या पोटात, निम्मी माझ्या शर्टावर. तू वॉर्डात शंभर जणांना भरवतेस, तुझ्या हाताला ते वळण आहे. माझे हात मशीनचे. ती मान फिरवते आणि मला रडू येतं, खोटं कशाला सांगू.

हे इथवर कसं आलं ते तुला सांगायला हवं, कारण तुझा समज असेल की मी तिच्याकडे बघितलंच नाही. उलट नको तितकं बघितलं. तू आपल्या आमूला आणि चिक्कीच्या जोडीच्या फुटाणीला घेऊन दौंडला गेलीस, त्यानंतर चिक्की सुरुवातीला अगदी गप्प होती, कोपऱ्यात तोंड करून बसायची. मग एकदा मी फ्रिज उघडला आणि ती अशी काही शीळ घालून ओरडली की माझ्या हातातलं दूध सांडलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रिकाम्या घरात कुणीतरी हाक मारली होती. दिली कोथिंबीर. मग फ्रिज उघडला की शीळ, कॅरीबॅग वाजली की शीळ, खाली गाडीचा स्टँड लावला तरी शीळ. आणि द्यायला जरा उशीर झाला की गज दातात धरून खडाखडा हलवायची. मी धावत जाऊन गाजर द्यायचो. ताईबाई, आपल्या घरमालकीण, खालून ओरडायच्या, "आरं धम्मदीप, त्या बिनशेपटीच्या उंदराला काय झालंय रं? पहाटंपासनं खडाखडा, आमची डोकी उठली!" मग मी आणखी एक गाजर द्यायचो. आई निमोण्याहून आली की येताना गाईच्या भाऱ्यातला मूठभर लसूणघास घेऊन यायची. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मागतंय तर दे की. पोटालाच मागतंय, सोनं न्हाई मागत." आपल्याकडे ओरडणाऱ्या जनावराला कुणी ओरडू देतं का? गाय हंबरली की वैरण टाकायची, शेळी ओरडली की पाला टाकायचा, हेच बघत मोठे झालो आपण.

राजश्री मॅडम म्हणून शिरूरला जनावरांच्या डॉक्टर आहेत. सगळा दिवस गाई-म्हशी बघतात, पण लग्नाआधी पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात होत्या, म्हणून चिक्कीचं गज चावणं थांबेना तेव्हा तिला त्यांच्याकडे नेलं. माझ्या आधी एक जण म्हशीचं विचारायला आला होता. माझ्या हातातला खोका बघून म्हणाला, "ह्ये दूध किती देतं वो?" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला सगळं विचारलं आणि मग सांगितलं की लसूणघास एकदम बंद, त्यानं हिला मुतखडा होईल. त्याऐवजी वाळलेलं गवत पोटभर आणि रोज थोडी ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड. आणि ती गज चावते तेव्हा द्यायचं नाही. गज चावला की गाजर मिळतं हे मीच तिला शिकवलंय म्हणे. गप्प असताना द्या, ठरल्या वेळी द्या, पाला गवतात लपवून ठेवा म्हणजे शोधण्यात तिचा वेळ जाईल, पिंजरा मोठा करा. मी ऐकत होतो, मान डोलवत होतो. मग त्यांनी विचारलं, हिच्याबरोबर दुसरी कोण आहे? मी म्हणालो, बहीण आहे, पण ती दौंडला असते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, यांना कधी एकटं ठेवतात का? ही खायला मागतच नाहीये.

मला तिथंच तुझ्या माहेरी, राहूला झालेली आपल्या वाटणीची बैठक आठवली. तुझ्या आबांच्या ओसरीवर सगळे बसले होते, आमचे आप्पा, तुझे मामा, माझी आई. भांड्यांचं झालं, कपाटाचं झालं, आमूचं झालं, शाळा दौंडला आणि शनिवार-रविवार माझ्याकडे. तेवढ्यात आमू दोघींचा खोका घेऊन आत आली आणि ह्यांचं काय, म्हणून उभी राहिली. आबा म्हणाले, "दोन हायती न्हवं? मग एक हिकडं, एक तिकडं. पोरीला दोन्ही घरी खेळायला हुईल. कुणाची तक्रार नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. भावाभावांत बैलजोडी वाटतात, शेळ्या वाटतात, तसंच. त्या सगळ्या दिवसात भांडण न होता झालेली ती एकच गोष्ट होती. तूही हो म्हणालीस, मीही म्हणालो. त्यानंतर माझी आई बोलली ते मात्र तू विसरली नसशील. "ड्यूटीपायी हिला ह्या दोन मुक्या जिवांचं बघता येईना तर हिच्याकडं पोर कशी ठेवायची?" असं ती म्हणाली आणि तू आमूचा हात इतका घट्ट धरलास की ती 'मम्मी, दुखतंय' म्हणाली.

दवाखान्यातून आल्यावर मी तुला फोन केला तो याचसाठी. फुटाणीला थोडे दिवस पाठव, नाहीतर चिक्कीला तुझ्याकडे घे, एवढंच मी म्हणत होतो. तू म्हणालीस, फुटाणी मजेत आहे, चांगली गुबगुबीत झालीय, मी तिला कुठंही पाठवणार नाही. आणि फोन ठेवलास. मला राग आला. ताईबाईंसमोर तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

मग मी एकट्यानं काय काय करून बघितलं ते ऐक. पलंगाच्या फळ्या काढून तिच्यासाठी पिंजऱ्याभोवती खोलीच्या निम्म्या भागात कुंपण केलं, आता मी खाली गादीवर झोपतो. गवतात पाला लपवला, पुठ्ठ्याच्या नळकांड्या ठेवल्या. आमूची जुनी कापडी बाहुली शेजारी ठेवली, तिला ती चिकटून बसली, ते बघवेना म्हणून काढून घेतली. दात तुटायच्या आधीचे काही दिवस तर मी मॅडमचं ऐकून लक्षच दिलं नाही. ती गज हलवायची आणि मी कानात बोटं घालून जिन्यात जाऊन बसायचो. ताईबाई वर येताना बघायच्या आणि अर्ध्या जिन्यातूनच परत खाली जायच्या. गौतमी, कुणी हाक मारत असताना जिन्यात बसून राहणं मला जमत नाही. एकदा गेलो नाही, दोनदा गेलो नाही आणि तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा गजाला रक्त लागलं होतं.

आणि आमूचं सांगायचं राहिलं. चौफुल्यावर तू तिला माझ्या गाडीवर बसवून देतेस, न्हावऱ्यापर्यंत ती शाळेतल्या गप्पा मारते आणि शिरूर जवळ आलं की गप्प होते. घरात शिरली की चपला न काढता पिंजऱ्याकडे पळते. आधी मला वाटायचं, किती जीव लावते! पण ती हात फिरवत नाही गं, आधी कान लावते. चिक्कीचा श्वास चाललाय का ते बघते. डॉक्टरांनी मागेल तेव्हा द्यायचं नाही असं सांगितलंय म्हणून मी एकदा तिच्या हातातली काकडी काढून घेतली, तर माझ्यावर किंचाळली, "द्या ना पप्पा! तिला जे पाहिजे ते द्या!" आपली आमू कधी मोठ्या आवाजात बोलत नाही. तिच्या फ्रॉकची बाही चावून चावून ओली झालेली असते. मी बाही धुतो, वाळत घालतो, आणि काय झालं म्हणून विचारलं की ती म्हणते काही नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. गेल्या शनिवारी मी आमूला म्हणालो, मम्मीला परत विचारतो, फुटाणीला आणू, दोघी एकत्र राहिल्या की चिक्की बरी होईल. मला वाटलं ती उड्या मारील. ती कुंपणाला धरून इतकी रडली की ताईबाई धावत वर आल्या. मग तिनं सांगितलं. फुटाणी राहिली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरच गेली. तीही गज चावायची, तिनंही खाणं सोडलं होतं, आणि आबांनी तिला राहूला शेवग्याखाली पुरलं. पप्पांना सांगायचं नाही असं तू तिला बजावलं होतंस. तू का लपवलंस ते मी विचारत नाही. माझ्या आईचं ते वाक्य ऐकलेल्या कुठल्याही बाईनं लपवलं असतं. मी हे कुठल्याही बैठकीत काढणार नाही, आमूला तुझ्याकडून मागणार नाही, हे लिहून देतोय, पाहिजे तर आबांना दाखव. पण सगळं सांगून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरून म्हणाली, "पप्पा, मी सांगितलं ते मम्मीला सांगू नका हां." आणि मी हो म्हणालो. म्हणजे आता तिच्या पोटात तुझं एक गुपित माझ्यापासून आणि माझं एक तुझ्यापासून. नऊ वर्षांची आहे गं ती. मला हे सहन होत नाही. म्हणून तिला दिलेला शब्द मोडतोय आणि पत्र तिच्या दप्तरात न ठेवता पोस्टात टाकतोय. येत्या शनिवारी मी चौफुल्याला थांबणार नाही, चिक्कीला घेऊन थेट दौंडला येतो. तोवर ती तगेल की नाही ते सांगता येत नाही. तगली तर तुमच्याकडेच राहू दे, पुण्याहून तिला सोबतीण आणून देतो. मग आमूनं शिरूरला कशासाठी यायचं, याची मला फार भीती वाटते. पण ते नंतर. त्याआधी तू तिला जवळ घे. पप्पांना का सांगितलंस, असं चुकूनही विचारू नकोस. तिला फक्त एवढंच सांग की मम्मीला सगळं कळलंय, आणि मम्मी रागावलेली नाही.

आमूचा पप्पा आणि अजून तरी तुझाच,
धम्मदीप