रियाच्या अधिकारावर

प्रिय रिया,

नोकरी सोडल्यापासून तू आमचे कुणाचेच फोन घेत नाहीस. आज सकाळपासून कितीदा लावला! शेवटी मेलवर लिहितेय. रागाव, पण पुरतं वाच.

संध्याकाळी समुद्र खवळणार आहे. करंजा बंदराच्या होड्यांना इशारा पाठवायला बसले, तर डेटाबेसमध्ये तू लिहून ठेवलेली ती प्रोसिजर, तो निरोप धाडणारा छोटा प्रोग्रॅम, चालेचना. ती चालवायची परवानगी मला आहे, तूच दिली होतीस. पण होड्यांवरच्या यंत्रांचे नंबर ज्या टेबलात आहेत, ते बघायची परवानगी आमच्यातल्या कुणालाच नाही. प्रोसिजर ते तुझ्या अधिकारावर वाचायची, आणि तुझं खातं तर तू जाताना स्वतःच्या हाताने पुसलंस. जाणाऱ्याने आपलं खातं आपणच पुसून जायचं, ही आपल्या ऑफिसची अक्कल! त्यानंतर इशारा द्यायची वेळच आली नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. खातं पुन्हा उघडायला मुख्य पासवर्ड हवा. तो तुझ्याकडून मागून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. पद्मजा मॅडम साहेबांच्या केबिनमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालतायत.

तुझ्या डब्यातली सुकट खात मी तुला चिडवायचे, एवढी कुलपं कशाला, दिसू दे की सगळ्यांना सगळं. तू म्हणायचीस, त्या नंबरांवरून कुणाची होडी कुठे जाळं टाकते हे फुटलं तर करंजाला डोकी फुटतील. खरंच होतं ते. पनवेलभर मी तुझी हुशारी सांगत फिरायचे.

आता जे टाळत होते ते लिहिते. तुझी आई माझ्या टेबलाशी बसली आहे. तुझे बाबा, आमचे गणूकाका, पहाटेच होडी घेऊन गेलेत, फोनची रेंज केव्हाच सुटली. तुझ्या लग्नानंतर ते "तिचं नाव या घरात घ्यायचं नाय" म्हणाले, तेव्हा मीही तिथेच होते. तुझ्या आईने मघाशी विचारलं, निरोप गेला का. मी गेला म्हटलं. रिया, खोटं बोलले मी. पासवर्ड कळव, लगेच. तुझ्या नावाचं खातं पुन्हा उघडते. निरोप तुझ्याच अधिकारावर जाईल, पण होडीवर तुझं नाव दिसणार नाही. काका फक्त इशारा वाचतील आणि होडी वळवतील.

वाट बघत बसलेली तुझीच,
समृद्धी