डबी चांगली होती

१५ ऑक्टोबर ९७, बुधवार
सोमवारी लिहिलं ते चूक. शिंदे गुरुजींच्या मोटारसायकलला ठिणगी नाही म्हणजे ती पाडणारी सीडीआयची डबी मेली, वायरिंग करताना युसूफ वडगावच्या रशीदचाचांनी चांगली काढून मेलेली बसवली, असं मी लिहिलं. खोडत नाही. राहू दे तसंच.

डबी चांगली आहे. आज आमच्या गॅरेजात पंक्चरला तसलीच गाडी आली. मालकाला विचारून गुरुजींची डबी तिला लावली. पहिल्या किकला सुरू.

प्लग, त्याची टोपी, कॉइल ठीक निघाली, उरली डबी. म्हणून तीच मेली. ताडून न बघता चोरसुद्धा ठरवला.

१६, गुरुवार
अप्पांना सांगितलं. हातातला पाना खाली ठेवला. "मी गुरुजीसमोर बोलून बसलो की गं. रशीदच्या कानावर बी गेलंय. काल बाजारात नजर फिरवून गेला."
रागावले न्हाईत. तेच लई लागलं.
मग म्हणाले, "जुन्या गाड्यांचे पॉइंट घासण्यात आमची हयात गेली. ह्या बंद डबीतलं मला काय कळतंय? तूच बघ. आधी सोपं, मग महाग."

१७, शुक्रवार
खोट सापडली!!
गुरुजी चौकशीला आले. गाडीची चौकट चकाकत होती म्हणून विचारलं. "दसऱ्याला मीच रंगवली की! सगळं खोलून चांगले दोन हात दिले." छाती फुगवून.
कॉइलचा बोल्ट खोलला. त्याच्याखालीच डबीची अर्थिंगची काळी वायर, आणि वायरखाली जाड रंग. लोखंडाला टेकलेलीच नाही. काचपेपरनं घासून लखलखीत केलं, बोल्ट पुन्हा कसला. प्लग इंजिनाला टेकवला, अप्पांनी किक मारली. चट्! निळी, कडक ठिणगी.
अप्पांनी समोरच्या टेलरला हाक मारली, "या की, बघा, माझ्या पोरीनं काढली!" चहा झाला. मला हसू आवरत नव्हतं. का आवरावं?
गुरुजी म्हणाले, "मग रशीदनं...?" मीच बोलले, "त्यांनी काही बदललं नव्हतं. चूक माझी." गुरुजींनी कप खाली ठेवला. रंगाचा विषय पुन्हा काढला नाही.

१९, रविवार
अप्पा म्हणतात, "बोललो मी, मीच जातो." पण ते माझ्या शब्दावर बोलले. ठिणगी माझी म्हणून मिरवते, तर हेही माझंच.
चाचांच्या दुकानात काय म्हणायचं, चार वेळा लिहून फाडलं. 'गैरसमज' असं म्हणायचं नाही. मी आळ घेतला, हेच म्हणायचं. ऐकून घेतील? का शटर ओढतील...
उद्या त्यांचं दुकान बंद. परवा, मंगळवार, २१ तारीख. पहिल्या एसटीनं युसूफ वडगाव. एकटी.